एका हिरव्या मद्याची कैफियत

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ, न्यू ऑर्लिअन्स नांवाचें एक जुनें शहर आहे. ‘साझेरॅक’ या नांवाचें एक मिश्रमद्य त्या शहराचें भूषण मानलें जातें. तें घरीं करण्याची रीत सोपी आहे. दोन पेले घ्यावयाचे. पहिला बर्फ घालून गार होण्यासाठीं बाजूला ठेवावयाचा. दुसऱ्यांत साखरेची एक वडी टाकून तिच्यावर ‘पेशो’ नांवाच्या कडू अर्काचे कांहीं थेंब शिंपडावयाचे व ती चिरडावयाची. मग राय नांवाच्या धान्याची व्हिस्की सुमारें ६० मिलिलिटर आणि बर्फ घालून ढवळावयाचें. आतां पहिल्या पेल्यांतील बर्फ काढून टाकावयाचा, त्यांत ‘अ‍ॅबसिंथ’ नांवाचें हिरवट मद्य चमचाभर ओतावयाचें, पेला तिरपा करून चहूंकडे फिरवावयाचा, म्हणजे त्याच्या आंतल्या बाजूला त्या मद्याचा पातळ लेप बसतो. आणि उरलेलें अ‍ॅबसिंथ फेंकून द्यावयाचें! अशा तऱ्हेनें वासाळलेल्या पेल्यांत दुसरें मिश्रण गाळून घ्यावयाचें, वर लिंबाच्या सालीचा तुकडा पिळून तिचें तेल उडवावयाचें, कीं पेय तयार झालें.

मी हें पेय चाखलेलें नाहीं, आणि या वयांत चाखण्याचा विचारहि नाहीं. परंतु ज्यानें आपला सारा काळ मुलांना इतिहास शिकविण्यांत घालविला, त्याला एखाद्या रीतींतील विसंगति दिसली म्हणजे स्वस्थ बसवत नाहीं. महागामोलाचा पदार्थ ओतावयाचा तो कशाला, आणि ओतल्यावर फेंकावयाचा तो कां? या साध्या प्रश्नाच्या मागें लागलें असतां जी हकीकत हातीं येते, तिच्यांत एक वनस्पति आहे, एक कीड आहे, एक खून आहे, आणि जवळजवळ शंभर वर्षें टिकलेला एक चुकीचा निवाडा आहे. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम वनस्पतीचा परिचय करून घेऊं. अ‍ॅबसिंथ हें नांव ‘अप्सिंथिऑन’ या ग्रीक शब्दावरून आलें. तोच शब्द अरबींतून प्रवास करीत आपल्याकडील हकिमांच्या बटव्यांत ‘अफसंतीन’ या रूपानें येऊन पोंचला आहे. राखी रंगाच्या, रेशमासारख्या मऊ पानांचें हें झुडूप चवीला विलक्षण कडू. चैत्रांत जोतिबाला आपण जो दवणा वाहतों, तो याच घराण्यांतला. मात्र दवण्याचा गंध गोड, तर या भाऊबंदाचा कडवटपणा असा कीं जिभेवरून तो लवकर उतरत नाहीं. युरोपांत पोटदुखीवर व जंतांवर हें झुडूप प्राचीन काळापासून औषध म्हणून वापरीत असत.

या औषधी वनस्पतीचें मद्य झालें तें अठराव्या शतकाच्या अखेरीस. आज स्वित्झर्लंडमध्यें मोडणाऱ्या नेशातेल प्रांतांत व्हाल-द-त्राव्हेर नांवाचें एक डोंगरी खोरें आहे. तेथील कुव्हे गांवीं ही कृति जन्मास आली. कोणी तिचें श्रेय पिएर ऑर्दिनेर नांवाच्या फ्रेंच वैद्याला देतात, तर कोणी म्हणतात कीं ऑंरिओ नांवाच्या घराण्यांतील स्त्रियांना ती त्याच्याहि आधीं ठाऊक होती. १७९७ च्या सुमारास द्युबिये नांवाच्या एका मेजरनें ती कृति मिळविली आणि जांवई आंरी-लुई पेर्नो याला हाताशीं धरून भट्टी घातली. १८०५ सालीं या पेर्नोनें सरहद्द ओलांडून फ्रान्समधील पोंतार्लिए या गांवीं आपला कारखाना काढला, आणि तेथून या मद्याच्या भाग्याचा उदय झाला.

अफसंतीन, विलायती बडीशेप व साधी बडीशेप हीं तीन द्रव्यें तीव्र मद्यार्कांत भिजवून तो अर्क पुन्हां गाळावयाचा, आणि मग दुसऱ्या सुगंधी पानांनीं त्याला हिरवा रंग आणावयाचा, अशी ही थोडक्यांत कृति. त्यांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ७० च्या आसपास असे. म्हणून तें नुसतें पीत नसत. पेल्यावर भोंकें पाडलेला चपटा चमचा ठेवून त्यावर साखरेची वडी ठेवीत व तिच्यावरून बर्फाचें पाणी थेंब थेंब सोडीत. तसें केलें म्हणजे पाचूसारखें तें पारदर्शक पेय पाहतां पाहतां दुधाळ होई. यांत जादू कांहीं नाहीं. बडीशेपेचें सुगंधी तेल मद्यार्कांत विरघळतें, पाण्यांत विरघळत नाहीं. पाणी वाढलें कीं त्याचे अतिसूक्ष्म थेंब वेगळे होऊन तरंगूं लागतात व प्रकाश विखुरतात. परंतु पाहणाऱ्याच्या मनावर या दृश्याचा जो परिणाम होई, त्यानेंच या मद्याभोंवतीं गूढतेचें वलय निर्माण केलें. लोक त्याला ‘हिरवी परी’ म्हणूं लागले.

१८३० सालीं फ्रान्सनें अल्जीरियावर स्वारी केली. तेथील तापापासून व दूषित पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून सैनिकांना अ‍ॅबसिंथ देत असत. सैनिक मायदेशीं परतले ते ही संवय घेऊनच, आणि पॅरिसच्या हमरस्त्यांवरील उपाहारगृहांत हिरवे पेले दिसूं लागले. तरी त्या काळीं तें पेय सुखवस्तु लोकांचेंच होतें; गरिबाचें पेय वाइन. ही स्थिति पालटली ती एका किड्यामुळें.

फायलॉक्झेरा नांवाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी एक कीड आहे. तिचें माहेर अमेरिका. द्राक्षांच्या रोपांबरोबर ती अटलांटिक ओलांडून १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें शिरली व वेलींच्या मुळ्या पोखरूं लागली. १८७५ सालीं फ्रान्समध्यें वाइन सुमारें ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर निघाली होती. १८८९ सालीं ती सुमारें २ कोटी ३० लाखांवर आली. गांवेंच्या गांवें उजाड झालीं. शेवटीं अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच वेलीचें कलम बांधण्याची युक्ति सांपडली. ज्या भूमींतून रोग आला, त्याच भूमींतून उपायहि आला. परंतु तेवढ्या अवधींत वाइन महागली होती, आणि बीट व धान्य यांपासून काढलेल्या स्वस्त मद्यार्कावर तयार होणारें अ‍ॅबसिंथ कामकऱ्यांच्या खिशाला परवडूं लागलें होतें. सायंकाळीं पांचची वेळ ‘हिरवी घटका’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. १९१० सालीं फ्रान्समध्यें ३ कोटी ६० लाख लिटर अ‍ॅबसिंथ प्याले गेलें, असें सांगतात.

या उद्योगाचा विस्तार किती झाला होता, याची कल्पना एका अपघातावरून येते. ११ ऑगस्ट १९०१ रोजीं पोंतार्लिए येथील पेर्नो कारखान्यावर वीज पडली व आग लागली. पिंपें फुटून अनर्थ होऊं नये म्हणून कामगारांनीं लक्षावधि लिटर अ‍ॅबसिंथ शेजारच्या दू नदींत सोडून दिलें. दोन दिवसांनीं कित्येक कोस दूर असलेल्या लू नांवाच्या दुसऱ्याच नदीच्या उगमाला अ‍ॅबसिंथचा वास येऊं लागला! आंद्रे बेर्तेलो या गृहस्थांनीं ही गोष्ट हेरली, आणि लू नदीचा झरा म्हणजे भूगर्भांतून वाहत आलेलें दू नदीचेंच पाणी होय, असें अनुमान बांधलें. १९१० सालीं नदींत रंगद्रव्य सोडून तें अनुमान खरें ठरविण्यांत आलें. भूगोलाचा एवढा मोठा धडा इतक्या महाग शाईनें क्वचितच लिहिला गेला असेल.

आतां या मद्यावरील अभियोगाकडे वळूं. पॅरिसच्या सेंत-आन मनोरुग्णालयांत व्हालांतँ मान्यां नांवाचे एक विख्यात वैद्य होते. मद्यपानानें वेडे झालेले रुग्ण ते रोज पाहत. अ‍ॅबसिंथ पिणारांना येणारे झटके इतर मद्यप्यांच्या झटक्यांहून निराळे आहेत, असें त्यांचें मत झालें. तें सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं प्राण्यांवर प्रयोग केले. एका गिनीपिगला मद्यार्काच्या वाफेंत ठेवलें, दुसऱ्याला अफसंतिनाच्या शुद्ध तेलाच्या वाफेंत. पहिला झिंगला, दुसऱ्याला आंचके आले. १८६९ सालीं या प्रयोगांची चर्चा इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकांतहि झाली. प्रयोग खोटा नव्हता. अनुमान मात्र लंगडें होतें. कारण पेल्यांत असतें तें अ‍ॅबसिंथ, शुद्ध तेल नव्हे. त्या तेलाचा अंश पेल्यांत किती, हा प्रश्न कोणी नीट विचारलाच नाहीं. शिवाय हलक्या मालांत रंगासाठीं तांब्याचे क्षार आणि दुधाळपणासाठीं अँटिमनीचे क्षार घालणारे भेसळखोरहि होते. तिकडेहि फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

अशा वातावरणांत २८ ऑगस्ट १९०५ हा दिवस उजाडला. स्वित्झर्लंडमधील व्हो प्रांतांतील कोम्युन्यी या खेड्यांत जाँ लांफ्रे नांवाच्या एका मजुरानें आपली गर्भवती पत्नी व दोन लहान मुली यांना बंदुकीनें ठार केलें. त्यानें त्या दिवशीं दोन पेले अ‍ॅबसिंथ घेतलें होतें. सारा देश हळहळला, आणि तितकाच संतापला. वृत्तपत्रांनीं ‘अ‍ॅबसिंथचा खून’ म्हणून गवगवा केला. बंदीची मागणी करणाऱ्या अर्जावर सुमारें ८२ हजार लोकांनीं सह्या केल्या.

परंतु श्रोतेहो, त्या दिवशीं त्या माणसानें आणखी काय घेतलें होतें? पुदिन्याचें मद्य घेतलें होतें, कोन्याक घेतलें होतें, दिवसभरांत पेल्यामागून पेले वाइन रिचविली होती, ब्रँडी घातलेली कॉफी घेतली होती, आणि घरीं आल्यावर पुन्हां वाइन घेतली होती. रोज पांच लिटरपर्यंत वाइन पिण्याची त्याची ख्याति होती. खटल्यांत एका मनोविकारतज्ज्ञानें साक्ष दिली कीं हा अ‍ॅबसिंथच्याच वेडाचा प्रकार होय. फेब्रुवारी १९०६ मध्यें लांफ्रेला तीस वर्षांची शिक्षा झाली, आणि तीन दिवसांत त्यानें कोठडींत गळफास लावून घेतला.

वाइनला कोणी दोष कां दिला नाहीं? कारण वाइन म्हणजे जेवणाच्या ताटाशेजारची वस्तु. तिला तिकडे ‘आरोग्यकारक पेय’ समजत असत. शिवाय द्राक्षांचे मळे आतां पुन्हां बहरले होते आणि बागाइतदारांना हिरावलेलीं गिऱ्हाइकें परत हवीं होतीं. १९०७ सालीं पॅरिसमध्यें अ‍ॅबसिंथच्या निषेधार्थ जी मोठी सभा भरली, तिच्यांत मद्यपानाचे विरोधक आणि वाइनचे उत्पादक मांडीला मांडी लावून बसले होते! चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची जी म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों, तिचें याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाहीं. अर्थात् हा संन्यासी अगदींच सोंवळा होता असें मी म्हणत नाहीं. तो चोराच्या खांद्याला खांदा लावून हिंडत होता. परंतु चोरी त्याची नव्हती.

निवाडे भराभर झाले. बेल्जममध्यें १९०५-०६ सालीं बंदी आली. स्वित्झर्लंडनें ५ जुलै १९०८ रोजीं लोकमत घेतलें, आणि ७ ऑक्टोबर १९१० पासून बंदी अमलांत आणली. अमेरिकेनें १९१२ सालीं आयात रोखली. फ्रान्सनें महायुद्धाच्या धामधुमींत, १६ मार्च १९१५ रोजीं, कायदाच केला. वाइन मात्र त्याच युद्धांत फ्रेंच शिपायाच्या रोजच्या शिध्यांत होती.

ज्या खोऱ्यांत हें मद्य जन्मलें, तेथील लोकांनीं बंदी मनावर घेतली नाहीं. त्यांनीं हिरवा रंग सोडला, म्हणजे बाटली ओळखूं येणार नाहीं, आणि तळघरांतून व माजघरांतून गाळणें चालूं ठेवलें. १९८३ सालीं फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ नेशातेल येथें पाहुणे म्हणून आले असतां, मेजवानीच्या गोडाच्या पदार्थांत हेंच निषिद्ध मद्य घातलें गेलें, आणि त्यावरून मोठा गहजब होऊन प्रकरण कोर्टापर्यंत गेलें. कायदा पुस्तकांत राहिला आणि मद्य माजघरांत राहिलें.

आतां आपण जेथून निघालों त्या न्यू ऑर्लिअन्सकडे परत जाऊं. १८०३ सालीं अमेरिकेनें विकत घेईपर्यंत त्या शहरावर प्रथम फ्रेंचांचा, मग स्पॅनिशांचा अंमल होता. म्हणून तेथील चालीरीतींवर फ्रेंच छाप होती, आणि पॅरिसांत जें चाले तें तेथें लवकर पोंचे. आंत्वान पेशो नांवाचे एक औषधविक्रेते तेथें होते. त्यांचें घराणें कॅरिबियन समुद्रांतील सें-दोमिंग या फ्रेंच वसाहतींतील, म्हणजे आजच्या हैतींतील, क्रांतीच्या वेळीं आश्रयास आलेलें. १८३० नंतरच्या दशकांत त्यांनीं आपल्या दुकानांत एक कडू, तांबडा अर्क तयार केला. ‘कॉकटेल’ हा शब्द याच पेशोंच्या अंडें ठेवण्याच्या पेल्यावरून निघाला, अशी आख्यायिका आहे. ती मात्र टिकत नाहीं. १८०६ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील एका वृत्तपत्रानें मद्य, साखर, पाणी व कडू अर्क यांचें मिश्रण अशी कॉकटेलची व्याख्या छापलेली आहे, आणि तेव्हां पेशो अवघे तीन वर्षांचे बालक होते.

परंपरा सांगते कीं, हें पेय आरंभीं ‘साझेरॅक’ या नांवाच्या फ्रेंच कोन्याकचें करीत, म्हणून त्याला तें नांव पडलें. पुढें त्याच फायलॉक्झेरा किड्यानें फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केल्यावर कोन्याक मिळेनासें झालें आणि त्याची जागा अमेरिकन राय व्हिस्कीनें घेतली. आधुनिक संशोधकांनीं या परंपरेविषयीं शंका घेतली असून, तें प्रथमपासूनच व्हिस्कीचें असावें असें त्यांतील कांहींचें म्हणणें आहे. तें कसेंहि असो. अ‍ॅबसिंथचा हात पेल्याला लावण्याची चाल बंदीच्या पूर्वींची, हें महत्त्वाचें. म्हणजे अ‍ॅबसिंथ फेंकून देतात तें कायद्याच्या भयानें नव्हे. त्याचा वास व चव इतकी प्रबळ कीं, अर्धा चमचा जास्त झाला तर बाकीचीं सारीं द्रव्यें मुकीं होतात. म्हणून पेल्याला त्याचा नुसता स्पर्श पुरे.

हेंच माझ्या प्रश्नाचें उत्तर, आणि माझ्या मतें साऱ्या इतिहासाची किल्लीहि हीच. आपल्या वैद्यकानें ज्याला ‘मात्रा’ म्हटलें, तिचा हा विषय आहे. न्यू ऑर्लिअन्सच्या त्या पेले भरणाऱ्या माणसाला विषशास्त्र ठाऊक नव्हतें, जीभ ठाऊक होती. आणि जिभेनें त्याला जें शिकविलें, तें प्रयोगशाळेंतील पंडितांना आणि कायदेमंडळांतील सभासदांना उमगलें नाहीं.

१९१२ नंतर या शहराला अ‍ॅबसिंथ मिळेना, आणि १९२० पासून १९३३ पर्यंत तर साऱ्या अमेरिकेंत सर्वच मद्यांना बंदी होती. ती उठल्यावर १९३४ सालीं लेजांद्र नांवाच्या एका गृहस्थांनीं अफसंतीन वगळून बडीशेपेच्या चवीचें एक मद्य काढलें. त्यांनीं त्याला ‘अ‍ॅबसिंथ’ हें नांव दिलें होतें. सरकारनें नांवावर हरकत घेतली, तेव्हां ‘हर्बसेंट’ असें नवें नांव ठेवलें. पुढें कित्येक दशकें साझेरॅकचा पेला या पर्यायानेंच सुवासित होत होता. फ्रान्समध्येंहि तशीच वाट निघाली. १९३२ सालीं मार्सेलच्या पॉल रिकार यांनीं काढलेलें ‘पास्तिस’ हें त्याच जातीचें.

शेवटीं फेरविचाराची वेळ आली. अफसंतिनाच्या तेलांत थुजोन नांवाचें द्रव्य असतें, आणि तें खरोखरच मज्जासंस्थेला क्षुब्ध करणारें आहे. जुन्या अ‍ॅबसिंथच्या एका लिटरांत तें २६० मिलिग्रॅमपर्यंत असावें, असा तर्क कांहीं शास्त्रज्ञांनीं कागदावर गणित करून केला होता. २००८ सालीं जर्मन रसायनज्ञ लाखेनमायर व त्यांचे सहकारी यांनीं तर्क बाजूला ठेवून बंदीपूर्व काळांतील तेरा बाटल्यांतील मद्य प्रत्यक्ष तपासलें. लिटरमागें थुजोन सरासरी २५ मिलिग्रॅम निघालें. जास्तींत जास्त ४८. आतां माझ्या विद्यार्थ्यांना मीं घातलें असतें तसें एक गणित आपणांस घालतों. शेंकडा ७० प्रमाणाच्या एका लिटर मद्यांत निव्वळ मद्यार्क सुमारें ५५० ग्रॅम असतो. एका पारड्यांत २५ मिलिग्रॅम थुजोन, दुसऱ्यांत ५५० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे २२ हजार पट! थुजोनचा उपद्रव व्हावयाच्या कितीतरी आधीं पिणारा मद्यार्कानेंच आडवा होईल. स्वित्झर्लंडनें १ मार्च २००५ रोजीं बंदी उठविली, अमेरिकेनें २००७ सालीं दार किलकिलें केलें, आणि फ्रान्सनें १९१५ चा कायदा २०११ सालीं रद्द केला.

येथें घरच्या प्रयोगशीलांना एक इशारा दिला पाहिजे. बाटलीबंद मद्यें एकत्र करून मिश्रण करणें निराळें आणि अफसंतिनाचें तेल आणून घरीं अ‍ॅबसिंथ ‘बनविणें’ निराळें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेली एक वैद्यकीय हकीकत आहे. अमेरिकेंतील एका एकतीस वर्षांच्या माणसानें अ‍ॅबसिंथचें वर्णन वाचून त्या वनस्पतीचें शुद्ध तेल मागविलें व सुमारें १० मिलिलिटर पिऊन टाकलें. त्याला आंचके आले, स्नायूंचा नाश झाला, मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं. रुग्णालयांतील उपचारांनीं तो वांचला. मान्यां यांच्या गिनीपिगचीच ही गोष्ट, मनुष्यदेहांत घडलेली. वनस्पति तीच, मात्रा बदलली कीं निवाडा बदलतो. शिवाय आपल्या राज्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा अस्तित्वांत असून, परवान्यावांचून घरीं मद्य गाळणें हा गुन्हा आहे, याचें विस्मरण होऊं नये.

या इतिहासावरून मद्याची तरफदारी करावी, असा माझा हेतु नाहीं, उलट आहे. कोम्युन्यी खेड्यांतील ती स्त्री व तिचीं लेंकरें यांच्या मरणानें लोक कळवळले, तो कळवळा खरा होता. त्या कळवळ्याची दिशा मात्र चुकली. ज्या वस्तूनें त्या घराचा घात केला, ती दुसऱ्या दिवशींहि प्रत्येक घराच्या जेवणाच्या मेजावर तशीच उभी होती. परक्या, हिरव्या, दुधाळ होणाऱ्या वस्तूकडे बोट दाखविणें सोपें होतें. रोजच्या बाटलीकडे दाखविणें अवघड होतें. चुकीचा गुन्हेगार पकडला गेला कीं निरपराध्याला शिक्षा होते, एवढेंच नुकसान नसतें. खरा गुन्हेगार मोकळा सुटतो, हें त्याहून मोठें नुकसान. त्या तिघींना न्याय मिळाला असें वाटून देश निश्चिंत झाला, आणि त्यांच्यासारख्या दुसऱ्या घरांचें दुःख तसेंच चालू राहिलें.

म्हणून आपल्या परिचयांतील कोणाच्या घरीं कधीं तो साझेरॅकचा पेला तयार होतांना दिसला, तर पेला फिरवून उरलेलें अ‍ॅबसिंथ फेंकून देणाऱ्या त्या हाताकडे क्षणभर पाहा. किती घ्यावें आणि किती टाकावें, याचा हिशेब त्या हाताला ठाऊक असतो. आणि पेल्यांत उरलेल्या व्हिस्कीचा हिशेबहि कोणी तितक्याच काळजीनें ठेवील, तर ही कैफियत आज वाचल्याचें सार्थक झालें, असें मी समजेन.